घोरणं, कूस आणि जबड्याचं उपकरण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

घोरता घोरता आवाज अचानक थांबतो आणि मग घुसमटून श्वास सुरू होतो, तेव्हा तो ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’ हा आजार असू शकतो. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट बंद होते. २०२२मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं.

गैरसमज: जोरात घोरणाऱ्याला गाढ झोप लागलेली असते.
वस्तुस्थिती: श्वास अडला की मेंदू पुन्हा पुन्हा झोप मोडतो, म्हणून आठ तास झोपूनही दिवसा पेंग येते. तासाला ५ ते १५ अडथळे म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३०च्या वर तीव्र आजार.

गैरसमज: कुशीवर झोपलं की प्रश्न मिटला.
वस्तुस्थिती: उताणं झोपल्यावर निम्म्याहून अधिक रुग्णांचे अडथळे किमान दुप्पट होतात. त्यांना कुशीवर झोपण्याचा खरोखर फायदा होतो. बाकीच्यांचा श्वास मात्र कुशीवरही अडतो. आपण कोणत्या गटात, हे झोपेतला श्वास मोजणाऱ्या स्लीप टेस्टमध्येच कळतं. उताणं वळू नये म्हणून पाठीकडे चेंडू शिवलेला सदरा घालण्याची युक्ती जुनी आहे. पण चेंडू टोचतो, म्हणून अनेक जण ती सोडून देतात.

गैरसमज: झोपेत दात खाणाऱ्यांसाठीचा नाइट गार्ड ॲप्नियातही चालतो.
वस्तुस्थिती: नाइट गार्ड दातांची झीज रोखतो. ॲप्नियाचं उपकरण खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरतं, त्यासोबत जीभ पुढे येते आणि वाट मोकळी राहते. प्रशिक्षित दंतवैद्य दोन्ही जबड्यांचं माप घेऊन ते बनवतात. गरम पाण्यात मऊ करून चावायचा तयार साचा इतका परिणामकारक नसतो.

गैरसमज: उपकरण असलं की सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा देऊन वाट उघडी ठेवणारं यंत्र) नको.
वस्तुस्थिती: अडथळे कमी करण्यात सीपॅप सरस आहे; तीव्र आजारात आधी तेच. सौम्य-मध्यम आजारात किंवा मास्क सोसत नसल्यास उपकरण चांगला पर्याय ठरतं.

गैरसमज: घोरणं थांबलं, म्हणजे आजार बरा झाला.
वस्तुस्थिती: आवाज गेला तरी श्वास अडत राहू शकतो. म्हणून उपकरण लावून पुन्हा स्लीप टेस्ट करावी. वर्षानुवर्षांच्या वापराने दातांची ठेवण बदलू शकते. तपासणी चुकवू नये.

झोपेत थांबलेला श्वास झोपणाऱ्याला कळत नाही, शेजारच्याला कळतो. तुम्ही तो ऐकला असेल, तर सकाळी त्या माणसाला सांगा आणि डॉक्टरांकडे घेऊन जा.