कोवळ्या मानेचे रक्षण : आइस हॉकी आणि नेक गार्डची निवड

खेळ म्हटला की पडणे-झडणे आलेच. गुडघा फुटला, कोपर खरचटले, तर मुलाने त्याचा फारसा बाऊ करू नये, अशीच वडीलधाऱ्या मंडळींची अपेक्षा असते; आणि ती योग्यही आहे. परंतु काही खेळांत एखादी दुखापत अशी असते की, तिच्यातून धडा घेण्याची संधीच खेळाडूला मिळत नाही. तिचे निवारण आधीच करावे लागते. आइस हॉकीत धारदार स्केटमुळे मानेला होणारी जखम ही अशा दुखापतींपैकी एक होय. ती क्वचित घडते. परंतु घडली तर काही मिनिटांतच प्राणावर बेतते. म्हणूनच या खेळातील मुलामुलींसाठी नेक गार्ड, म्हणजे मानेभोवतीचे संरक्षक आवरण, कसे निवडावे, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

धोका कोठून येतो?

आपल्याकडे हॉकी म्हणजे मैदानावरची हॉकी. तेथे गोलरक्षक गळ्यासमोर संरक्षक आवरण वापरतो ते चेंडूच्या आघातापासून बचाव व्हावा म्हणून. आइस हॉकीचे स्वरूप याहून निराळे आहे. सुमारे ६० मीटर लांबीच्या गोठविलेल्या बर्फावर हा खेळ चालतो. चेंडूऐवजी कठीण रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. प्रत्येक खेळाडूच्या बुटाखाली पोलादी पाते बसविलेले असते. या पात्याची जाडी अवघी तीन मिलिमीटरच्या आसपास असते आणि बर्फावर पकड मिळावी म्हणून त्याच्या दोन्ही कडांना धार लावलेली असते. वेगाने धावणारे खेळाडू एकमेकांवर आदळतात, तोल जातो, एक खाली पडतो, तर दुसऱ्याचा पाय वर उचलला जातो. अशा क्षणी पाते कोणाच्या मानेवर येईल हे कोणाच्याच हाती नसते. यात बहुधा कोणाचा दोष नसतो. काही वेळा ज्याच्या स्केटने जखम होते तो स्वतःच्याच संघातील सहकारी असतो.

मानेच्या दोन्ही बाजूंना, त्वचेपासून फार खोल नव्हेत अशा, मेंदूला रक्त पुरविणाऱ्या मोठ्या रोहिण्या आणि तेथून रक्त परत आणणाऱ्या मोठ्या नीला असतात. छातीला बरगड्यांचे व मेंदूला कवटीचे कवच निसर्गाने दिले आहे. मानेच्या पुढील भागाला मात्र असे कवच नाही. नेक गार्डचे काम ही उणीव भरून काढणे हेच आहे.

अपघातांनी दिलेला धडा

नेक गार्डचा इतिहास हा दुर्दैवाने अपघातांचाच इतिहास आहे. १९७५ साली कॅनडात किम क्राउच या तरुण गोलरक्षकाची मान स्केटने कापली गेली. तो बचावला आणि त्याच्या वडिलांनी मुलासाठी एक संरक्षक कॉलर तयार केली. पुढे ती इतर गोलरक्षकही वापरू लागले. २२ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतील बफेलो येथे क्लिंट मॅलारचुक या व्यावसायिक गोलरक्षकाच्या मानेची मोठी नीला कापली गेली. संघाच्या वैद्यकीय साहाय्यकाने जखम हाताने घट्ट दाबून धरली, म्हणूनच त्याचे प्राण वाचले. या साहाय्यकाने पूर्वी सैन्याच्या वैद्यकीय पथकात काम केले होते.

सर्वांचेच दैव इतके बलवत्तर नव्हते. १९९५ मध्ये स्वीडनचा बेंग्ट ओकरब्लोम अशाच जखमेने दगावला आणि त्यानंतर त्या देशाने नेक गार्ड सक्तीचे केले. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात एका शालेय सामन्यात दहावीतील विद्यार्थ्याला प्राण गमवावे लागले. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी इंग्लंडमधील शेफिल्ड येथे नॉटिंगहॅम पँथर्स संघाचा २९ वर्षांचा खेळाडू अ‍ॅडम जॉन्सन सामना सुरू असतानाच जखमी होऊन मृत्यू पावला. त्याच्या लीगमध्ये त्या वेळी नेक गार्डची सक्ती नव्हती. या घटनेनंतर मात्र जगभर नियमांना वेग आला.

कॅनडात मुलामुलींच्या व महिलांच्या हॉकीत प्रमाणित नेक गार्डचा नियम आधीपासूनच होता. ब्रिटनच्या एलिट लीगने जानेवारी २०२४ पासून ते बंधनकारक केले. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या सर्व पातळ्यांवरील स्पर्धांसाठी सक्तीचा निर्णय घेतला. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघटनेने १ ऑगस्ट २०२४ पासून प्रौढांखेरीज सर्व वयोगटांना, सामन्यात आणि सरावातही, हा नियम लागू केला. सराव हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. कारण पात्याची धार सामना कोणता आणि सराव कोणता, हे जाणत नाही.

निवड कशी करावी?

बाजारात मुख्यतः तीन प्रकारची नेक गार्ड मिळतात. पहिला प्रकार मानेभोवती गुंडाळावयाच्या कॉलरचा. दुसऱ्या प्रकारात कॉलरला जोडून छातीवर उतरणारा, लहान मुलाच्या लाळेऱ्यासारखा भाग असतो व तो खांद्याच्या पॅडखाली जातो. तिसरा प्रकार म्हणजे उंच गळ्याची अंतर्वस्त्रासारखी बनियन. तिच्या गळ्याच्या भागातच संरक्षक कापड शिवलेले असते. कोणता प्रकार उत्तम, यापेक्षा कोणता प्रकार मुलाच्या मानेचा अधिकाधिक भाग सतत झाकून ठेवतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. हनुवटीखालून गळपट्टीच्या हाडापर्यंत, तसेच मानेच्या दोन्ही बाजूंना कोठेही फट राहता कामा नये. मुलाला हेल्मेट व खांद्याचे पॅड घालूनच ही परीक्षा घ्यावी. त्याला वर पाहावयास, दोन्ही बाजूंना मान वळवावयास आणि काठी धरून वाकावयास सांगावे. या हालचालींत आवरण सरकून कातडी उघडी पडत असेल, तर ते कितीही महाग असले तरी घेऊ नये.

दुसरी गोष्ट कापडाची. जाड व मऊ फोम हाताला भक्कम वाटतो; परंतु धारदार पात्यापुढे जाडी नव्हे, तर धाग्याची जात टिकाव धरते. अमेरिकेतील ड्युपॉन्ट कंपनीत रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांच्या १९६५ मधील संशोधनातून पुढे केव्हलार हा धागा आला. गोळीरोधक जाकिटांत वापरला जाणारा हा धागा, तसेच विशेष प्रकारच्या पॉलिएथिलीनपासून काढलेले अतिबळकट धागे आज नेक गार्डमध्ये वापरले जातात. तरीही ही आवरणे कापास विरोध करतात, ती अभेद्य नसतात, हे ध्यानात ठेवावे.

कापडाची खरी कसोटी दुकानात घेता येत नाही. त्यासाठी प्रमाणचिन्ह पाहावे. कॅनडात क्यूबेक प्रांताच्या मानक संस्थेचे, म्हणजे बीएनक्यूचे, चिन्ह आवश्यक मानले जाते. मूल ज्या संघटनेच्या स्पर्धांत खेळते तिला कोणते प्रमाणपत्र मान्य आहे, हे खरेदीपूर्वी प्रशिक्षकास विचारून घ्यावे.

तिसरी गोष्ट मापाची. आपल्या घरांतून मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घेण्याची रीत आहे आणि सदरा-विजारीपुरती ती काटकसरीचीच आहे. नेक गार्डच्या बाबतीत मात्र ही काटकसर घातक ठरते. सैल आवरण खाली घसरते आणि नेमका धोक्याचा भाग उघडा पडतो. टेपने मानेचा घेर मोजावा व उत्पादकाच्या तक्त्यानुसार माप घ्यावे. आवरण अंगासरशी बसावे, पण श्वास घेण्यास वा घोट गिळण्यास अडचण होऊ नये. मूल वाढले की माप पुन्हा तपासावे.

शेवटी प्रश्न उरतो तो मुलाच्या सोयीचा. घामाने खाज सुटते, गळा आवळल्यासारखा वाटतो, सोबती चेष्टा करतात, अशा कारणांनी मुले नेक गार्ड सैल करतात किंवा पिशवीतच ठेवतात. म्हणून निवडीच्या वेळी मुलाला सोबत न्यावे, दोन-तीन प्रकार घालून पाहू द्यावेत व त्याचे मत विचारात घ्यावे. जे मूल आपणहून घालील तेच नेक गार्ड त्याच्या उपयोगी पडेल.

निगा आणि मर्यादा

नेक गार्ड उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे धुवावे व हवेशीर जागी वाळवावे. टोचते म्हणून त्याचा एखादा भाग कापणे अथवा घरी शिवणे टाळावे. असे केल्याने त्याची चाचणीसिद्ध रचना बिघडते. मागील वेल्क्रोची पकड गेली असेल किंवा कापडावर काप दिसत असेल, तर ते बदलावे.

नेक गार्ड मानेचा मणका मोडण्यापासून किंवा मेंदूला बसणाऱ्या हादऱ्यापासून वाचवू शकत नाही. गोलरक्षकाच्या हेल्मेटखाली लोंबणारी संरक्षक पट्टी पकच्या आघातासाठी असते. तिच्या जोडीला कापरोधक नेक गार्डही हवेच. आणि सर्व काळजी घेऊनही अपघात झाला, तर स्वच्छ कापडाने जखम थेट व घट्ट दाबून धरावी, वैद्यकीय मदत येईपर्यंत दाब सोडू नये, कापड रक्ताने भिजल्यास ते न काढता त्यावर दुसरे ठेवावे. मानेभोवती पट्टी आवळून बांधू नये. प्रत्येक संघात हे जाणणारी एक तरी व्यक्ती असावी.

आपल्या देशात

भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाचा सदस्य आहे. लडाखच्या गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ रुजला, खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत लेह येथे त्याचे सामने झाले आणि २०२५ मध्ये भारतीय महिला संघाने आशिया चषक स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. कॅनडा-अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांनाही हा खेळ खुणावतो. आपल्या शहरांतील रोलर स्केटिंगच्या चाकांना अशी धार नसते. परंतु तेथून जो खेळाडू उद्या बर्फावर उतरेल, त्याला ही नवी जोखीम समजावून द्यावी लागेल.

अमेरिकेच्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगमध्येही २०२५ च्या करारानुसार २०२६-२७ च्या हंगामापासून नवोदित खेळाडूंना मानेचे संरक्षण अनिवार्य ठरविण्यात आले. जुन्या खेळाडूंना सवलत आणि नव्यांना सक्ती, यामागील विचार उघड आहे. लहानपणी लागलेली सवय अंगवळणी पडते. मोठेपणी ती लावणे कठीण जाते. म्हणूनच मुलाच्या हाती पहिली काठी देतानाच त्याच्या मानेभोवती योग्य मापाचे नेक गार्ड चढविणे, हे पालकांचे व प्रशिक्षकांचे पहिले कर्तव्य होय.