अळंबीचे तोतये

फूल आणि भुंगा यांच्या संबंधाची इतकी कवने आपल्याकडे झाली आहेत, की कीटकाने कशावर येऊन बसावे एवढे म्हटले तरी आपल्या मनाला देवाणघेवाणीचा तोच एक करारनामा आठवतो : इकडून मध, तिकडून परागवहन, आणि उभय पक्ष संतुष्ट. परंतु उष्ण कटिबंधातील पर्जन्यवनात, जिथे भर दुपारीही सूर्यप्रकाशाचा अत्यल्प अंशच भूमीपर्यंत उतरतो आणि पडलेले प्रत्येक पान नि प्रत्येक ओंडका कुजण्याच्या मार्गाला लागलेला असतो, तिथे अळंब्या आणि त्यांच्याभोवती जमणारी बारीक चिलटे यांच्यात जो व्यवहार चालतो, त्याचा असा करारनामा सहसा सापडत नाही. जी आहे ती नुसती वहिवाट. आणि तीही अशी, की वहिवाटदाराचा हक्क नेमका कशावर, खाण्यावर, बाळंतपणावर की केवळ येऊन बसण्यावर, हे ठरवताना भल्याभल्या कीटकशास्त्रज्ञांची पंचाईत व्हावी.

ही चिलटे आपल्या अगदी अपरिचित कुळातील नव्हेत. फार पिकलेल्या केळ्यावर जी घोंघावतात आणि ज्यांच्यामुळे आनुवंशशास्त्राचे अर्धे दप्तर भरले, त्या ड्रोसोफिलाचेच हे भाऊबंद; हिर्टोड्रोसोफिला, मायकोड्रोसोफिला, झायगोथ्रिका अशी त्यांच्या प्रजातींची भारदस्त नावे आहेत. यांच्यापैकी पुष्कळांनी फळ सोडून कवकाचा आश्रय धरला, आणि तो आश्रय मोठा बेभरवशाचा आहे. कवकाचे खरे शरीर म्हणजे मातीत किंवा लाकडात पसरलेले तंतूंचे जाळे. आपण जिला अळंबी म्हणतो ते त्याचे केवळ फळ, जे पावसाच्या लहरीप्रमाणे एका रात्रीत वर येते आणि मऊ जातीचे असेल तर थोड्याच दिवसांत काळे पडून विरघळून जाते. तेवढ्या मुदतीत मादीने ते हुडकावे, अंडी घालावीत, अळ्यांनी अधाशासारखे खाऊन मोठे व्हावे आणि छत्रीचा चिखल होण्यापूर्वी मातीत उतरून कोष करावा, असा हा सारा तातडीचा मामला आहे. अळंबी जरा शिळी झाली की तिच्यात अळ्या वळवळतात, हे पावसाळ्यात कोकणात नि गोव्यात अळमी निवडायला बसणाऱ्या कोणाही गृहिणीला ठाऊक असते. त्या अळ्यांची ही घाई मात्र तिच्या रागाच्या भरात दुर्लक्षित राहते.

या अनिश्चिततेचा एक परिणाम असा, की अळंबीवर वाढणाऱ्या चिलटांना आवडनिवड फारशी परवडत नाही. उद्या कोणत्या जातीची छत्री कुठे उगवेल याचा नेम नसताना एकाच जातीवर अडून बसणारी मादी निर्वंश व्हायची. म्हणून यांच्यापैकी बहुतेक जाती मिळेल ती अळंबी गोड मानून घेतात, आणि तसे करायचे तर तिच्यातील विषही पचवावे लागते. उत्तर अमेरिकेच्या समशीतोष्ण अरण्यांतील अशा काही माश्या अमानिटासारख्या जहरी अळंब्यांवर सुखेनैव वाढतात, आणि ज्या अमानिटिन विषाचा अल्प अंशही इतर प्राण्यांच्या पेशींतील मूलभूत यंत्रणा बंद पाडतो ते त्यांना बाधत नाही, हे जॉन जेनिक प्रभृतींनी १९८३ मध्ये दाखवून दिले. वाटेल ते खाण्याची सक्ती ज्याच्यावर आहे त्याला हलाहल पचवण्याची तयारी ठेवावीच लागते.

दुसरा प्रश्न असा उभा राहतो, की एवढ्याशा अन्नावर अनेक जातींचा दावा असताना सर्वांत बलवान जात इतरांना कायमची बेदखल का करीत नाही? याचे एक सुबक उत्तर ॲटकिन्सन आणि शॉरॉक्स या इंग्रज परिस्थितिविज्ञांनी १९८१ मध्ये दिले. माद्या आपली अंडी रानभर समप्रमाणात वाटून घालीत नाहीत. एखाद्या छत्रीवर गर्दी उसळते, तर शेजारची छत्री मोकळी राहते. परिणामी बलवान जातीच्या अळ्या बव्हंशी आपल्याच भावंडांशी झगडत बसतात आणि दुबळ्यांना कुठे ना कुठे रिकामी जागा मिळून जाते. बंदोबस्त ढिसाळ असल्यामुळेच रयत सुखी राहावी, असा काहीसा हा प्रकार आहे.

ओंडक्यांवर फळीसारख्या आडव्या वाढणाऱ्या कठीण कवकांची गोष्ट निराळी. ती महिनोन्‌महिने टिकतात, काही तर वर्षानुवर्षे. आणि त्यांचे दातृत्व कल्पनेच्या पलीकडचे असते. गॅनोडर्माचे एकच मोठे फळ सुमारे सहा महिने दररोज ३००० कोटी बीजाणू सोडीत राहते, असा हिशेब विनिपेगचे कवकशास्त्रज्ञ बुलर यांनी मांडला होता. त्याच्या खालच्या अंगाला उलटी चिकटून हे बीजाणू टिपीत बसलेली काळीभोर, पाठीला बाक असलेली मायकोड्रोसोफिला कवकाचे काही भले करते की नुसते खाऊन जाते, याचा निवाडा सोपा नाही. ज्याचे बीज वाऱ्यावरच एवढे उधळले जाते त्याला माशीच्या पायांची गरज ती कितीशी असणार?

करारनामा खरोखर पाहायचा असेल तर तो जाळीदार घोळाच्या फॅलस इंडुसिएटसपाशी पाहावा. सुरिनामहून आलेल्या नमुन्यावरून वेंतना या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९८ मध्ये तिचे वर्णन केले. पावसाळ्यात आपल्या सह्याद्रीच्या रानांतही ती दृष्टीस पडते. अंड्यासारख्या आवरणातून काही तासांत उभा राहणारा दांडा, त्याच्याभोवती शुभ्र जाळी, आणि माथ्यावर कुजकट दर्पाचा हिरवट काळा लेप, ज्यात सारे बीजाणू कालवलेले असतात. माश्या येतात, तो गोडसर लेप चाटून फस्त करतात, आणि पायांना माखलेले नि पोटात गेलेले बीज दूरवर नेऊन टाकतात. इथे मोबदला रोख आहे आणि काम चोख. पण बहुसंख्य अळंब्यांच्या बाबतीत असे काही घडत नाही, आणि मला वाटते या विषयाची खरी गोडी त्या बहुसंख्येतच आहे.

कारण काही चिलटे अळंबीवर ना खाण्यासाठी येतात, ना अंडी घालण्यासाठी. ऑस्ट्रेलियाच्या पर्जन्यवनातील हिर्टोड्रोसोफिला पॉलिपोरी या माशीविषयी पीटर पार्सन्स यांनी १९७७ मध्ये लिहिले, की तिचे नर पांढुरक्या फळी-कवकांवर जमतात, तिथे पंख हालवून आपले प्रदर्शन मांडतात, एकमेकांना हुसकावतात, आणि माद्या तिथे येऊन वर निवडतात. काळोख्या रानात पांढरी पार्श्वभूमी असलेली जागा प्रदर्शनाला सोयीची, हे उघड आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील झायगोथ्रिका प्रजातीत हीच रीत पराकोटीला गेलेली दिसते. व्हीडेमान याने १८३० मध्ये स्थापिलेल्या या प्रजातीत शंभराहून अधिक जाती आहेत, आणि झायगोथ्रिका डिस्पारसारख्या काही जातींतील नरांची डोकी इतकी आडवी वाढलेली असतात की डोळे दोन टोकांना गेलेले दिसावेत. दोन नर अळंबीवर समोरासमोर उभे राहतात, कपाळाला कपाळ लावतात, आणि रुंदीच्या त्या मोजणीवरून माघार कोणी घ्यायची ते ठरते. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमधील डेव्हिड ग्रिमाल्डी यांनी १९८७ मध्ये या प्रजातीचे जे विस्तृत वर्गीकरण प्रसिद्ध केले, त्यामुळे एक विलक्षण विसंगती ठळक झाली : अळंब्यांवर थव्याने जमणाऱ्या या माश्यांतील पुष्कळ जातींच्या अळ्या वाढतात त्या मात्र अळंबीत नव्हे, तर फुलांत. म्हणजे संसार एकीकडे आणि चावडी दुसरीकडे.

आता, ज्या जागी नियमाने वर्दळ असते त्या जागेचा तोतया केव्हातरी निर्माण व्हायचाच. इक्वेडोर, कोलंबिया आदी देशांच्या अँडीज उतारांवर, जिथे ढगच झाडांतून फिरतात, तिथे ड्रॅक्युला नावाची ऑर्किडे वाढतात. कार्लाइल लुअर यांनी १९७८ मध्ये ही प्रजाती वेगळी काढली. तीन बाह्यदले जुळून झालेला, काळपट तांबड्या रंगाचा, केसाळ आणि तीन लांब शेपटे सोडलेला पेला, आणि त्याच्या मध्यभागी एक छोटी फिकट ओठपाकळी, जिच्यावर अळंबीच्या छत्रीखाली असतात तशाच उभ्या पडद्या कोरलेल्या. ही नक्कल डोळ्यांपुरती नाही. अळंबीच्या वासाचा मुख्य आधार असलेले ऑक्टेनॉल हे द्रव्य त्या ओठपाकळीच्या गंधात आहे. (हेच द्रव्य गुरांच्या श्वासातही असते, आणि त्याच्या मागावर आफ्रिकेतील त्सेत्से माशी जनावरापर्यंत पोहोचते, निसर्गाचा हा एकच परवाना किती दरबारांत चालतो!) ही फुले अळंबीचे सोंग घेत असावीत असा तर्क जर्मन शास्त्रज्ञ स्टेफान फोगेल यांनीही १९७८ मध्येच मांडला होता, परंतु फुलावर नेमके येते कोण, हे रानात बसून पाहण्याचे काम पुढे कित्येक वर्षे राहिले.

ते काम वायव्य इक्वेडोरमधील लॉस सेड्रॉसच्या अरण्यात झाले. लोरेना एंदारा, ग्रिमाल्डी आणि ओरेगॉन विद्यापीठाच्या बिटी रॉय यांनी २०१० मध्ये कळवले, की फुलांचे परागपिंड पाठीवर घेऊन जाणाऱ्या माश्या त्याच, अळंबीवर जमणाऱ्या झायगोथ्रिका. त्या फुलावर रेंगाळतात, फिरतात, प्रणयाराधन करतात, आणि ओठपाकळीच्या मुळाशी शिरताना परागपिंड त्यांच्या पाठीला चिकटतो. मग प्रश्न उरला तो हा, की त्यांना ओढून आणते ते रूप की गंध? जिवंत फुलात ही दोन्ही एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. म्हणून टोबियास पॉलिचा आणि सहकाऱ्यांनी त्रिमितीय मुद्रणाने साचे करून त्यांत गंधहीन सिलिकोनची फुले ओतली, आणि कृत्रिम पेल्यात खरी ओठपाकळी, खऱ्या पेल्यात कृत्रिम ओठपाकळी, असे मिश्र अवतार करून ते रानात टांगले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की ओठपाकळीचा अळंबीगंध आणि पेल्यावरील रंगांचा ठळक विरोध या दोहोंच्या जोरावर माश्या येतात. पडद्यांची ती हुबेहूब नक्काशी, जिने आपण प्रथम थक्क होतो, ती माणसाच्याच नजरेत अधिक भरते की काय, अशी शंका मला हे वाचून येते.

ज्या रानात हे चालले होते त्याच रानाखाली तांबे नि सोने असल्याचा सुगावा लागून खाणीचे परवाने निघाले होते. पण निसर्गाला स्वतःचे हक्क आहेत असे इक्वेडोरच्या संविधानातच लिहिलेले असल्यामुळे तेथील संविधान न्यायालयाने २०२१ च्या अखेरीस ते परवाने रद्दबातल ठरवले. बाजू मांडली गेली ती दुर्मीळ माकडे, अस्वले आणि नद्या यांच्या नावाने. चिलटांची वहिवाट त्या आश्रयाने आपोआप शाबूत राहिली.

फसवणुकीचा आरोप मात्र अजून पुरता शाबीत झालेला नाही. तोतयाला तोतया ठरवायचे तर त्याने कोणाचे तरी नुकसान केले पाहिजे. अळंबीत अंडी घालणारी माशी फुलात अंडी घालून गेली असती, तर तिची अळी उपाशी मेली असती आणि गुन्हा उघड झाला असता. पण जिला अळंबी हवी होती ती केवळ जोडीदार भेटण्यासाठी, तिला तो जर फुलावरच भेटला, तर तिचे गेले काय? तिचा वेळ म्हणावा, तर तो ती खऱ्या अळंबीवरही असाच घालवीत होती. भार म्हणावा, तर एक परागपिंड काही अंतर वाहून न्यावा लागला, एवढाच. उलट जितक्या अधिक माश्या त्या फुलावर येतील तितकी तिची वरनिवड सुकर होईल. या दृष्टीने पाहिले तर ड्रॅक्युला हे अळंबीचे सोंग नसून, अळंबी मुळात जिचे काम करीत होती त्या भेटीच्या जागेची एक नवी शाखाच ठरते. तसे असेल, तर जिच्या नावावर ही सारी वर्दळ सुरू झाली त्या अळंबीलाच काही तोटा होतो का, हे तपासावे लागेल; आणि बीजाणू वाऱ्यावर सोडून मोकळ्या होणाऱ्या त्या वनस्थ मालकिणीची याबाबत काही फिर्याद असण्याचे कारण दिसत नाही.