एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स

विंडोज १० या कार्यप्रणालीला मिळणारे मायक्रोसॉफ्टचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि तुलनेने नवा प्रोसेसर आवश्यक असल्याने अनेक सुस्थितीतील संगणक त्या मर्यादेबाहेर राहिले. लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली त्यांना पर्याय ठरू शकते. मात्र हिशेबाची अथवा मराठी अक्षरजुळणीची, वर्षानुवर्षे वापरातील अनेक सॉफ्टवेअर विंडोजसाठीच लिहिलेली आहेत. त्यांचे काय करावयाचे, हा वापरकर्त्यांपुढील खरा प्रश्न आहे.

फाइल उघडणे, पडद्यावर खिडकी दाखविणे, छपाई करणे अशा प्रत्येक कामासाठी प्रोग्राम कार्यप्रणालीकडे विनंती करीत असतो. विंडोज आणि लिनक्स यांची ही विनंतीची भाषा निराळी आहे. त्यामुळे प्रोसेसर तोच असूनही एकीचा प्रोग्राम दुसरीवर तसाच चालत नाही.

हार्ड डिस्कचे भाग पाडून दोन्ही कार्यप्रणाली ठेवणे, म्हणजेच ड्युअल बूट, हा जुना मार्ग. त्यात एका वेळी एकच प्रणाली चालते. दुसरीकडे जाण्यासाठी संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. विंडोजमधील फास्ट स्टार्टअप ही सोय आधी बंद करणे इष्ट. अन्यथा विंडोज पूर्णपणे बंद होत नाही आणि तिच्या विभागात लिनक्समधून काही लिहिल्यास माहिती बिघडण्याचा धोका राहतो.

वाइन या सॉफ्टवेअरची पद्धत अधिक कल्पक आहे. त्यात विंडोज मुळीच नसते. प्रोग्रामने विंडोजला उद्देशून केलेली विनंती वाइन स्वीकारते आणि लिनक्सला समजेल अशा विनंतीत रूपांतरित करते, जणू दुभाषीच. हे काम १९९३ मध्ये सुरू झाले, १.० ही आवृत्ती येण्यास २००८ साल उजाडले. विंडोजच्या असंख्य सुविधा, त्यांतील दोषांसह, बाहेरून पाहून नव्याने लिहावयाच्या असल्याने एवढा विलंब समजण्याजोगा आहे. वाल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये आणलेले प्रोटॉन वाइनवरच आधारलेले असून, त्यामुळे विंडोजचे अनेक खेळ लिनक्सवर चालू लागले. तथापि प्रत्येक प्रोग्राम वाइनवर चालेलच असे नाही. शिवाय विंडोजचे काही विषाणूही तेथे चालू शकतात.

जेथे वाइन अपुरे पडते, तेथे आभासी यंत्र उपयोगी ठरते. व्हर्च्युअलबॉक्ससारखे सॉफ्टवेअर लिनक्सच्या खिडकीतच जणू दुसरा संगणक उभा करते आणि त्यात खरीखुरी विंडोज बसविता येते. तिला परवाना लागतो, तसेच मेमरीचा स्वतंत्र वाटाही द्यावा लागतो. चार जीबी मेमरीच्या संगणकावर ही ओढाताण जाणवते.

उलट दिशेची सोय मायक्रोसॉफ्टनेच २०१६ मध्ये विंडोजमध्ये लिनक्सचे प्रोग्राम चालविण्यासाठी उपलब्ध केली. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीत लिनक्सचा प्रत्यक्ष गाभाच हलक्या आभासी यंत्रात चालतो.

यूएसबी कुलूप लावल्याशिवाय न उघडणारी सॉफ्टवेअर वाइनवर बहुधा अडतात. आभासी यंत्राकडे मात्र ती यूएसबी जोडणी सोपविता येते. आत विंडोज १० असल्यास त्या यंत्राची इंटरनेट जोडणी बंद ठेवावी. कुलपासाठी किंवा छपाईसाठी सहसा तिची गरज नसते.