दत्तक कुटुंबाची वही पुढे कुणाकडे?

मिरज, कराड किंवा साताऱ्यात एमबीबीएसला आलेला विद्यार्थी हल्ली पहिल्याच वर्षी गावात जातो. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कुटुंब दत्तक कार्यक्रमात त्याच्याकडे तीन ते पाच कुटुंबं सोपवलेली असतात. आशाताई घर दाखवतात, सोप्यात सतरंजी पडते, तो मावशींच्या दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजतो.

“गोळी चालू आहे का, मावशी?”

“हुती की. संपली, बरंबी वाटत हुतं, मग न्हाई आणली.”

गोळी का सुटते, हे अशा उत्तरातून जितकं समजतं तितकं पाठ्यपुस्तकातून समजत नाही. विद्यार्थी ते वहीत लिहितो. प्यायचं पाणी कुठलं, स्वयंपाक चुलीवर की गॅसवर, घरात तंबाखू कोण खातं, पोरीचं हिमोग्लोबिन किती, हेही लिहून घेतो. पुढच्या भेटींत त्याच घरी जाऊन काय बदललं ते पाहतो.

विद्यार्थ्याने लोकांत जाऊन शिकावं, हा विचार जुनाच. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने 1946 मध्येच डॉक्टरच्या शिक्षणात प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाला मानाची जागा मागितली होती. वैद्यकीय शिक्षणाला नवी दिशा देण्यासाठीच्या 1977 च्या ‘रोम’ योजनेत प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन विकास गटांची जबाबदारी घ्यावी, असं ठरलं होतं.

पदव्युत्तर शिक्षणाची वाट मात्र वेगळीच पडली. डॉक्टरांसाठी कम्युनिटी मेडिसीनची तीन वर्षांची एमडी आहे. एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, दोन वर्षांची. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने ती 1997 मध्ये सुरू केली, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत ती 2006 पासून आहे. बीएएमएस, दंतवैद्य, परिचारिका, समाजकार्याचे पदवीधरही एमपीएच करू शकतात. पण पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधासाठी बहुधा नवं गाव, नवी प्रश्नावली घेऊन शून्यापासून सुरुवात करतो. धाकट्याने तीन वर्षं भरलेली वही थोरल्याच्या हाती पडत नाही. हे नुकसान मोठं आहे आणि टाळता येण्याजोगं आहे.

सांगली-साताऱ्याला तर ते परवडणारंच नाही. 2019 च्या महापुरात कृष्णाकाठची गावं पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिस, जुलाब, कावीळ यांवर पाळत ठेवायची तर आधीची नोंद हाताशी हवी. मार्च 2020 मध्ये इस्लामपुरात एका कुटुंबापासून करोनाची साखळी पसरली, तेव्हा कोण कुणाला भेटलं हे घरोघर विचारूनच ती अडवावी लागली. सांगली जिल्ह्यातल्याच जतचं आणि पलीकडे साताऱ्यातल्या माणचं दुखणं निराळं: पाण्याची टंचाई, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं, अर्धवट राहिलेलं लसीकरण.

म्हणून पदवीच्या आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एकच गाव द्यावं. पहिल्या वर्षाच्या मुलाने रक्तदाब मोजावा, एमडीच्या विद्यार्थ्याने त्याची नोंद तपासावी आणि पाच-सात तुकड्यांचे आकडे जोडून पाहावेत. एमपीएच करणाऱ्याने उपकेंद्रात गोळ्या नेमक्या कोणत्या महिन्यात संपतात याचा माग काढावा. कुटुंबांची संमती आणि नावांची गुप्तता सांभाळणं हेही त्याच शिक्षणात यावं.

साताऱ्याचं शासकीय महाविद्यालय यासाठी सोयीचं आहे. त्याची पहिली तुकडी 2021-22 ची, आणि कुटुंब दत्तक कार्यक्रमही त्याच तुकडीपासून लागू झाला. तिथे पहिल्या वहीपासूनच नोंदी सलग ठेवता येतील. मिरजेचं महाविद्यालय 1962 चं. तिथे आधी जुन्या वह्या एकत्र कराव्या लागतील.