अभियांत्रिकी वर्ग ते तंत्रज्ञान विद्यापीठ

पुण्याच्या पश्चिमेस, पौड रस्त्यावर वसलेल्या मुळशी तालुक्यातील भूगावासारख्या गावांचे नागरीकरण वेगाने होत आहे. पाणीपुरवठा, सांडपाणी, रस्ते यांचे प्रश्न ग्रामपंचायतीपुढे येतात, तेव्हा अभियंत्याची गरज प्रकर्षाने जाणवते. असे अभियंते घडविणारी देशातील एक जुनी संस्था जवळच, पुण्यात शिवाजीनगर येथे आहे. ती म्हणजे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ.

या संस्थेचा प्रारंभ १८५४ मध्ये एका अभियांत्रिकी वर्गाच्या रूपाने झाला. सार्वजनिक बांधकामांसाठी दुय्यम कर्मचारी तयार करणे, एवढाच त्याचा मर्यादित हेतू होता. पुढे मुंबई विद्यापीठाशी संलग्नता लाभून येथे उच्च शिक्षण सुरू झाले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे येथीलच विद्यार्थी. खडकवासला धरणावर १९०३ मध्ये बसविलेले स्वयंचलित दरवाजे ही त्यांचीच योजना होय. पुराचे पाणी ठराविक पातळीला पोहोचताच दरवाजे आपोआप उघडत. त्यामुळे धरणास धोका न पोहोचता अधिक पाणी साठविणे शक्य झाले.

१९११ मध्ये संस्थेस अभियांत्रिकी महाविद्यालय हे नाव मिळाले. कालांतराने स्थापत्याच्या जोडीला यंत्र, विद्युत, धातुशास्त्र, दूरसंचार व संगणक या शाखा आल्या. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाल्यानंतर महाविद्यालय त्याच्याशी संलग्न झाले. संलग्न महाविद्यालयात शिकविणारे एक आणि अभ्यासक्रम ठरवून परीक्षा घेणारे दुसरे, अशी विभागणी असते. २००३ मध्ये मिळालेल्या स्वायत्ततेमुळे ती बरीचशी मिटली. परंतु पदवी पुणे विद्यापीठाचीच राहिली. २०२२ मध्ये राज्य विधिमंडळाच्या कायद्याने महाविद्यालयाचे विद्यापीठ झाले आणि पदवी देण्याचा अधिकारही संस्थेस प्राप्त झाला.

अधिकारासमवेत उत्तरदायित्वही येते. अभ्यासक्रम कालानुरूप ठेवणे आणि पदवीचा दर्जा राखणे, ही जबाबदारी आता सर्वस्वी विद्यापीठाची आहे.

ग्रामीण विद्यार्थ्यांना येथील प्रवेशाचे दोन मार्ग माहीत असणे अगत्याचे आहे. बारावी विज्ञान शाखेनंतर सामाईक प्रवेश परीक्षेद्वारे प्रथम वर्षात, अथवा दहावीनंतर तंत्रनिकेतनातील पदविका पूर्ण करून थेट द्वितीय वर्षात प्रवेश घेता येतो. दोन्ही वाटा दहावीनंतर फुटतात. म्हणून शिक्षकांनी ही माहिती त्याआधीच पालकांपर्यंत पोहोचवावी. गावाची पाणी योजना आखणारा अभियंता गावातूनच निर्माण झाला, तर या विद्यापीठाच्या वाढीचा लाभ खऱ्या अर्थाने गावाला मिळेल.