देवमाशाच्या हाडांची घरे

कॅनडाच्या नुनावुत प्रदेशातील डेव्हन हे जगातील सर्वांत मोठे निर्मनुष्य बेट मानले जात असून, त्याच्या दक्षिण किनाऱ्यावरील डंडास हार्बर येथे उन्हाळ्यात आर्क्टिक सफरीची जहाजे थांबतात आणि प्रवासी रबरी होड्यांतून काठावर उतरतात. तेथे इनुइटांचे पूर्वज असलेल्या, अलास्कातून पूर्वेकडे ग्रीनलँडपर्यंत पसरलेल्या थुले संस्कृतीच्या घरांचे अवशेष आढळतात. त्यांचे हिवाळी घर अर्धे जमिनीत खोदलेले असे. झाडेच नसल्यामुळे छताला वाशांऐवजी देवमाशाच्या फासळ्या व जबड्याची हाडे लावून त्यांवर कातडी आणि गवताळ मातीची ढेकळे रचीत. आत येण्याचा भुयारी मार्ग घराच्या जमिनीपेक्षा खोल असल्याने जड, थंड हवा तेथेच साचे, तर झोपण्याचा दगडी ओटा उंचावर, उबेत राही. आज छप्पर खचून उरलेल्या खळग्यात फरसबंदीचे दगड व विटकी हाडे दिसतात आणि जुन्या खरकट्याच्या खतावर शेवाळ दाट माजलेले असते.

जवळच कॅनडाच्या सार्वभौमत्वाची खूण म्हणून 1924 मध्ये उभारलेल्या पोलीस ठाण्याच्या पडक्या खोल्या आहेत. फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीने 1934 मध्ये बॅफिन बेटावरील इनुइट कुटुंबांना येथे आणून वसवले. परंतु समुद्रातील बर्फाच्या बिकट स्थितीमुळे शिकार व प्रवास अवघड झाल्याने 1936 मध्ये त्यांना हलवावे लागले.

हे अवशेष कायद्याने संरक्षित असून, तेथील हाडाचा तुकडाही उचलण्यास पाहुण्यांना मनाई आहे.