डालडा हे नाव कुणाचं?

मागच्या व्याख्यानात आपण पाहिलं की मालाला नाव कसं देतात आणि ते कसं नोंदवतात. आज उलट बाजूनं बघू. नोंदवलेलं नाव मालकाच्या हातून सुटतं कसं? उदाहरण घेऊ डालड्याचं.

तेलात हायड्रोजन मिसळून ते तुपासारखं घट्ट करायचं, हे तंत्र बाहेरून आलं. असं 'तूप' हॉलंडहून हिंदुस्थानात आणणारी एक कंपनी होती, तिचं नाव दादा. पुढे लिव्हर कंपनीनं मुंबईत शिवडीला कारखाना काढला आणि दादा या नावात स्वतःच्या नावाचा 'ल' घुसवला. इंग्रजी स्पेलिंगमधल्या 'डी'चा आपण 'ड' केला, आणि १९३७ साली डालडा बाजारात आलं. या शब्दाला कुठल्याच भाषेत अर्थ नव्हता. नोंदणीच्या दृष्टीनं याहून चांगलं नाव नाही!

पण नाव फारच चाललं. वाण्याकडून 'रथ' येवो की 'गगन', यादीत लिहिलेलं असायचं डालडाच. पिवळा डबा रिकामा झाला की त्यात धान्य, नाहीतर तुळस. वडीलधारी माणसं तर टोमणा मारायची, "आम्ही साजूक तुपावर वाढलो, तुम्ही डालड्यावर!" म्हणजे शब्द सगळ्या वनस्पती तुपाचा झाला, आणि वर हलक्या मालाचाही. जाहिरातीचा खर्च लिव्हरचा, गिऱ्हाईक मात्र कुणाचंही. वनस्पती तुपाविषयी शंका निघाली की बोट डालड्याकडेच जायचं. नावाच्या यशाची ही किंमत आपण सहसा मोजत नाही.

२००३ साली हा ब्रँड बंगी कंपनीला विकला गेला. नंतर तेच नाव रिफाइंड तेलावरही आलं. तिकडे ट्रान्स फॅटवर बंधनं येत गेली, २०२२ पासून मर्यादा दोन टक्के झाली. नाव एकीकडे गेलं, वस्तू दुसरीकडे. आपल्या बोलण्यात मात्र पांढरा घट्ट गोळा म्हणजे अजूनही डालडाच.

गोल्ड स्पॉटचं अगदी वेगळं. ते कुणी प्यायचं सोडलं म्हणून गेलं नाही. १९९३ साली कोका-कोलानं पार्लेची पेयं विकत घेतली. संत्र्याच्या चवीचं फँटा त्यांच्याकडे आधीच होतं, मग गोल्ड स्पॉट ठेवायचं कशाला? थम्स अप मात्र टिकलं, कारण त्याची गिऱ्हाइकं साध्या कोकवर समाधान मानेनात. आमच्या मते गोल्ड स्पॉट पडलं ते बाजारात नव्हे, खरेदीच्या कागदावर.

आता कायद्याचं एक कलम लक्षात ठेवू. नोंदवलेलं नाव सलग पाच वर्षं वापरलं नाही, तर ते नोंदवहीतून काढण्यासाठी दुसरा कुणीही बाधित माणूस अर्ज करू शकतो. म्हणून जुनं नाव एखाद्या किरकोळ मालावर अचानक दिसलं, तर तो माल खरंच विकायचा आहे की नुसतं नाव राखायचं आहे, हे आधी विचारायचं.